मुलांचा वेळ आणि व्यापाऱ्याचा काटा

बाभुळगावच्या शेतकऱ्याने कापूस भरून गाडी बाजारात न्यावी आणि व्यापाऱ्याने ढिगाकडे नुसती नजर टाकून ‘असेल वीसेक क्विंटल’ असे म्हणावे, तर तो शेतकरी ते मान्य करील काय? मुळीच नाही. माल काट्यावर चढवा, असे तो बजावील. एवढेच नव्हे, तर तो काटा खरा आहे की खोटा, हेही डोळ्यांत तेल घालून पाहील. काटा मारणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याने ते सोसले आहे.

आता त्याच शेतकऱ्याला, त्याच्या शेजारच्या गुरुजींना, तहसील कचेरीतील कारकुनाला आणि पेठेतील दुकानदाराला एक साधा प्रश्न विचारा. तुमचा नववीतला मुलगा दिवसाकाठी मोबाइलवर किती वेळ घालवतो? वडील म्हणतील, ‘असेल तासभर.’ आई म्हणेल, ‘अहो, सारा दिवस तेच तर चाललेले असते!’ आणि मुलगा म्हणेल, ‘कुठे? थोडाच वेळ तर पाहतो.’ घर एक, मूल एक, उत्तरे मात्र तीन. आणि तिन्ही उत्तरे नजरेने केलेला अंदाज! क्विंटलभर कापसासाठी जो समाज काट्याचा आग्रह धरतो, तो आपल्या पोटच्या मुलांच्या आयुष्यातील सर्वांत मौल्यवान वर्षांचे माप मात्र डोळे मिटून अंदाजाने करतो. या विसंगतीकडे लक्ष वेधण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बान्सीने हाक दिली, पुढे काय?

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाने या प्रश्नावर साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले होते. पुसद तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की, गावातील १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. आधी समजावणे आणि न ऐकल्यास दंड, असे त्याचे स्वरूप होते. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला, शाळा उघडल्या तरी तो हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना.

या दोन्ही गावांचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. ज्या काळात शहरातील सुशिक्षित ‘हे असेच चालायचे’ म्हणून हात टेकून बसले होते, त्या काळात दोन खेड्यांनी सामूहिक निर्णयाची हिंमत दाखवली. ग्रामगीता लिहिणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या विदर्भाला हे शोभणारेच होते. सायंकाळी साऱ्या गावाने एकत्र येऊन सामुदायिक प्रार्थना करावी, हा त्यांनी गावोगावी रुजवलेला संस्कार. दिवसातील एक ठरावीक वेळ सर्वांनी मिळून राखायची, हे सूत्र वडगावच्या भोंग्यामागेही आहेच.

तथापि या अभिनंदनानंतर एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. ठराव करण्यापूर्वी मुले किती वेळ मोबाइलवर होती आणि ठरावानंतर किती वेळ आहेत, याची घरोघरची नोंद असल्याशिवाय तो यशस्वी झाला की अयशस्वी, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार? वृत्तपत्रांचे बातमीदार येतात, छायाचित्रे निघतात, टाळ्या पडतात. मग दुसरी बातमी येते आणि पहिली विसरली जाते. ज्वराचा अंक न पाहता औषध देणारा वैद्य आणि माप न घेता ठराव करणारा समाज, दोघांचाही हेतू चांगला असतो. पण रोगी बरा झाला की नाही हे दोघांनाही कळत नाही.

आठवणीवर विसंबू नका

कोणी म्हणेल, ‘यात मोजायचे काय? मुलांना विचारले की कळते.’ नेमकी इथेच फसगत आहे. मोबाइलचा वापर माणसाला आठवत नाही, किंबहुना आठवू नये अशीच त्याची रचना आहे. लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, दोहोंचा मेळ जेमतेम मध्यम आहे आणि माणसाने सांगितलेला आकडा खऱ्या आकड्याशी क्वचितच जुळतो. कोणी कमी सांगतो, कोणी जास्त. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, ‘तुम्हाला मोबाइलचे व्यसन आहे काय’ हे ठरवण्यासाठी ज्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, त्यांचा प्रत्यक्ष वापराशी असलेला मेळ तर याहूनही क्षीण आहे.

आपल्याकडील सरकारी मोजणीही या अडचणीतून सुटलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. हे अतिशय मोलाचे काम आहे. सहा वर्षांवरील भारतीय व्यक्ती मनोरंजन, प्रसारमाध्यमे, खेळ इत्यादींवर दिवसातील जो वेळ घालवते, त्याचे प्रमाण २०१९ मध्ये ९.९ टक्के होते, ते २०२४ मध्ये ११ टक्के झाले, हे त्यातूनच कळले. परंतु त्याची पद्धत पाहा. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत मांडून, त्या खणात काय केले ते घरच्यांना विचारून नोंदवले जाते. एका खणात अनेक कामे असतील तर किमान दहा मिनिटे चाललेलीच कामे धरली जातात. दळण, स्वयंपाक, शेतीकाम, शाळा यांसाठी हे माप चोख आहे. पण मोबाइल दहा-दहा मिनिटांच्या ढेकळांनी वेळ खात नाही, तो वाळवीसारखा कणाकणाने खातो. दोन मिनिटे इकडे, तीन मिनिटे तिकडे. जेवताना एक नजर, पुस्तक उघडल्यावर एक नजर, दिवा मालवल्यावर अखेरची म्हणून घेतलेली आणि अखेरची न ठरलेली आणखी एक नजर. ही वाळवी अर्ध्या तासाच्या चाळणीतून गळून जाते.

यंत्राने मोजल्यावर काय दिसते, ते अमेरिकेतील एका पाहणीवरून कळते. ‘कॉमन सेन्स मीडिया’ या संस्थेने २०२३ मध्ये ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे २०० मुलांच्या फोनमध्येच, संमतीने, मोजणीची व्यवस्था केली. निम्म्याहून अधिक मुलांच्या फोनवर दिवसाला २३७ किंवा त्याहून जास्त सूचना येऊन आदळत होत्या आणि त्यांपैकी सुमारे पाव हिस्सा शाळेच्या वेळेत! शाळेच्या रात्रींना मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत फोन वापरणारी मुले होती ५९ टक्के. ही मुले अमेरिकेची आहेत, बाभुळगावची नव्हेत. तो आकडा जसाच्या तसा इकडे आणून चिकटवणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण ज्या आईला आपला मुलगा रात्री दहाला झोपतो असे ठामपणे वाटते, तिने एकदा तरी मनाशी विचार करावा, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

०.४ टक्क्यांची ढाल

या विषयावर काही बोलले की आपल्याकडील तथाकथित पुरोगामी मंडळी लगेच नाक मुरडतात. ‘हा तुमचा संस्कृतिरक्षकांचा कांगावा आहे. आधी सिनेमाला नावे ठेवलीत, मग दूरदर्शनला, आता मोबाइलला!’ आणि पुराव्यादाखल एक परदेशी संशोधन पुढे केले जाते. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या ब्रिटनमधील संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण केले. डिजिटल साधनांच्या वापराने मुलांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा उलगडा होतो, असे त्यांना आढळले. झाले! ‘०.४ टक्के’ ही या मंडळींची ढाल बनली.

या संशोधकांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ढाल पुढे करणाऱ्यांनी ती कोणत्या धातूची आहे, हे पाहिले काय? त्या साडेतीन लाख मुलांचा वापर प्रामुख्याने मोजला गेला होता तो ‘तू किती वेळ वापरतोस’ असे विचारूनच. म्हणजे पुन्हा तोच अंदाज! माप ढिले असले की खरा संबंधही पुसट दिसतो, ही संख्याशास्त्रातील प्राथमिक गोष्ट आहे. धुक्यातून डोंगर अंधुक दिसला म्हणून डोंगर लहान ठरत नाही. अर्थात, धुक्यापलीकडे डोंगर आहेच, असेही यावरून सिद्ध होत नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे. मोबाइल कंपन्यांजवळची खरी माहिती संशोधकांना खुली व्हावी, ही मागणी करणाऱ्यांत हेच संशोधक आहेत. ढाल मिरवणारे ही बाब सोयीस्करपणे विसरतात.

आणि मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीतील गुण घसरले नाहीत, म्हणजे काहीच बिघडले नाही, असे समजायचे काय? शाळा आणि झोप वगळता मुलाच्या हाती दिवसाचे असे कितीसे तास उरतात! त्यातच मैदान आहे, पुस्तक आहे, आजीची गोष्ट आहे, शेतावरची फेरी आहे, सायंकाळची शुभंकरोती आहे. हे तास एकदाच खर्च करता येतात. ते कोठे जातात, हे विचारण्यासाठी मूल आजारी पडण्याची वाट पाहणारा समाज शहाणा म्हणता येणार नाही.

काटा कोणाच्या हाती?

सर्वांत संतापजनक बाब पुढेच आहे. आपल्याला ठाऊक नाही, शाळेला ठाऊक नाही, सरकारला ठाऊक नाही. पण आपले मूल किती वेळ, केव्हा आणि काय पाहते, हे सेकंदापर्यंत अचूक ठाऊक असणारे कोणीतरी आहे. ज्या कंपन्यांची ॲप त्या फोनमध्ये आहेत, त्यांचे संगणक ती नोंद अहोरात्र ठेवत असतात. त्यांचा सारा धंदाच या मोजणीवर उभा आहे, कारण मुलाचा वेळ हाच त्यांचा माल आणि जाहिरातदार हे त्यांचे गिऱ्हाईक. पानाचा शेवटच येऊ नये, बोट फिरवत राहावे आणि मजकूर येत राहावा, ही युक्ती २००६ च्या सुमारास काढणाऱ्या अझा रास्किन या तंत्रज्ञानेच पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. माल आमच्या घरचा, मापणारा तो, मापाची वही त्याच्याकडे आणि नफाही त्याचाच. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जात असे. आता वऱ्हाडच्या मुलांचे तास कॅलिफोर्नियाला जातात. तेव्हा निदान गासड्या मोजून जात होत्या!

होय, २०१८ पासून या कंपन्यांनी फोनमध्ये वापराचा हिशेब दाखवणारी सोय दिली आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ती ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाने असते, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाने. पण ती सेटिंग्जच्या पोटात दडवलेली आहे. रील मात्र एका बोटाच्या अंतरावर! हिशेब शोधावा लागतो आणि मोह आपणहून चालून येतो, यात सारे आले.

भारताने या बाबतीत हातावर हात ठेवून पाहत राहण्याचे धोरण स्वीकारले नाही, हे समाधानकारक आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घालण्याचे धैर्य आपल्या देशाने दाखवले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे, त्यांना नेमके हेरून जाहिराती दाखवणे यांस मनाई केली. भंगाबद्दल २०० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून या प्रमुख तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून अंमलात यावयाच्या आहेत. याच कायद्यानुसार मुलाच्या वतीने त्याचे आईवडील कंपनीकडे त्याच्या माहितीचा गोषवारा मागू शकतील. किती पालकांना हा अधिकार ठाऊक आहे? कायदा दिल्लीत होतो, पण जागा व्हावा लागतो तो बाभुळगावात. प्रत्येक कंपनीने प्रत्येक मुलाच्या वापराचा साधा, मराठीत वाचता येईल असा मासिक हिशेब पालकांच्या हाती दिलाच पाहिजे, ही मागणी आता संघटितपणे पुढे आली पाहिजे. विजेचे देयक महिन्याला येते, मग या देयकाला काय हरकत आहे?

आपलेही चुकते आहे

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली बोटेही पाहिली पाहिजेत. आपण मंडळी व्यासपीठावरून ‘पाश्चात्त्य भोगवादाचे आक्रमण’ या विषयावर तासभर बोलतो आणि खाली उतरताच खिशातला फोन काढून बसतो. बौद्धिक चालू असताना मागच्या रांगेत काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. शाखेतून घरी आलेला बाप जेवणाच्या पाटावर समूहावरचे संदेश पुढे ढकलत बसतो आणि मुलाला मात्र ‘ठेव तो मोबाइल’ म्हणून खडसावतो. ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

शाखेने आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे, ती म्हणजे रोज मोजणे. ‘आज संख्या किती?’ या प्रश्नाला मुख्यशिक्षकाने ‘असतील पंधरा-वीस’ असे उत्तर दिल्याचे कोणी ऐकले आहे काय? संख्या घेतली जाते, वृत्त दिले जाते, कमी झाली तर घरोघरी जाऊन कारण विचारले जाते. कामाची वाढ टाळ्यांवरून नव्हे, तर नोंदीवरून ओळखायची, ही आपली रीत. मग सायंकाळचे मैदान ओस पडत असताना ‘मुले मोबाइलमध्ये गेली’ एवढे हळहळून आपण का थांबतो? किती गेली, किती वेळासाठी गेली, केव्हा गेली?

आणि मोजणे ही काही परकीय कल्पना नव्हे. ज्या समाजाने दिवसाचे ६० घटिकांत, घटिकेचे ६० पळांत विभाजन केले, २४ सेकंदांच्या पळालाही नाव दिले, आणि लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडून सारे वऱ्हाड त्याच्या बुडण्याकडे डोळे लावून बसले, त्या समाजाला काळाचे माप नवे नाही. आपण ते फक्त विसरलो आहोत.

सात दिवसांची वही

तेव्हा करायचे काय? बंदी की मोकळीक, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. आधी मोजू. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी हे सहज शक्य आहे. एकेका आळीतील दहा-दहा कुटुंबांनी एक आठवडा ठरवावा. घरातील प्रत्येक फोनचा रोजचा हिशेब रात्री एका वहीत उतरवावा: एकूण वेळ किती, फोन किती वेळा उघडला, रात्री दहानंतर किती आणि कोणत्या ॲपवर किती. वापराच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाजही लिहून ठेवावा. आठव्या दिवशी अंदाज आणि माप शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. उपदेशाची गरज बहुधा उरणार नाही.

यात दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य मापाचे. फोनमधील हिशेब हा फोनचा असतो, मुलाचा नव्हे. शहरात ‘एक मूल, एक फोन’ असेल. खेड्यात तसे नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसले, पण त्यांपैकी स्वतःचा फोन असणारी सुमारे ३१ टक्केच होती. म्हणजे बाकीची मुले बाबांच्या, ताईच्या, काकांच्या फोनवर. एक फोन चौघांच्या हातून फिरत असेल तर यंत्राचा आकडा चौघांची बेरीज सांगेल. म्हणून कोणी केव्हा घेतला, हे वहीतच लिहिले पाहिजे. त्याच पाहणीत, फोन वापरणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले. तेव्हा सारा वापर एका तागडीत टाकू नये. स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान ऐकणाऱ्या मुलीचा तास आणि रील पाहण्यात गेलेला तास सारखा नव्हे. मुलींच्या हातून फोन काढून घेण्याचे निमित्त म्हणून तर या मोजणीचा उपयोग मुळीच होता कामा नये.

दुसरे पथ्य मनाचे. ही पाळत नव्हे, हा हिशेब आहे. चोरून मुलाचा फोन तपासणारा बाप एक आकडा मिळवतो आणि विश्वास गमावतो. वहीत पहिले नाव वडिलांचे असावे, दुसरे आईचे आणि मग मुलांचे. गुरुजी, कार्यकर्ते, नगरसेवक यांनी आपला हिशेब आधी मांडावा. वडिलांचा आकडा मुलापेक्षा मोठा निघाला तर? तर तो मान्य करावा. असत्याच्या पायावर संस्कारांची इमारत उभी राहत नाही.

असे आठवडे वर्षातून तीनदा झाले, एक शाळा चालू असताना, एक परीक्षेच्या तोंडावर आणि एक उन्हाळ्याच्या सुटीत, तर बाभुळगावाजवळ स्वतःची माहिती असेल. मग बान्सीसारखा ठराव करायचा असेल तर तो अंदाजावर नव्हे, आकड्यांवर होईल. भोंगा वाजवायचा असेल तर तो कोणत्या वेळी वाजवावा, हे ती वहीच सांगेल. आणि सहा महिन्यांनी तो उपयोगी पडला की नाही, हेही तीच सांगेल. जेथे आकडा लहान निघेल तेथे उगाच मुलांना दोष देणे थांबेल, हाही मोठाच लाभ.

स्वातंत्र्य म्हणजे आपल्या गोष्टींचा हिशेब आपल्या हाती असणे. आपल्या मुलांचा वेळ ही या राष्ट्राची सर्वांत मोठी ठेव आहे आणि आज तिची खातेवही परक्यांच्या तिजोरीत आहे. ती परत मागण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण तोवर निदान आपली एक वही आपल्या देवघराशेजारी असायला काय हरकत आहे? कापसाच्या काट्यापाशी शेतकरी जसा जागा असतो, तसे आपण घरात जागे होऊ या. आज रात्री मुलाच्या फोनला हात लावण्यापूर्वी आपला स्वतःचा फोन उघडा, त्यातील आकडा पाहा आणि वहीच्या पहिल्या ओळीत तो लिहा.